फेफऱ्याच्या जागेचा शोध

फेफरे हा आजार आपल्या गावांना नवा नाही. कुणी त्याला फिट म्हणतात, कुणी मिरगी, कुणी आकडी. वैद्यांच्या ग्रंथांत त्याचे नाव अपस्मार. नाव कोणतेही घ्या, चित्र सारखेच. चालतेबोलते माणूस एकाएकी कोसळते, अंग ताठ होते, हातपाय झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो, आणि दोन-तीन मिनिटांत सारे शांत होते. तोवर भोवती जमलेल्या मंडळींपैकी कुणी कांदा फोडून नाकाशी धरलेला असतो, कुणी पायातला जोडा हुंगवलेला असतो. झटका आपल्या वेळेने थांबतो, आणि श्रेय मात्र कांद्याला नाहीतर जोड्याला मिळते. मग अंगारे-धुपारे होतात, गंडे-दोरे होतात. पोराची शाळा सुटते, मुलीचे लग्न अडते.

या आजारावर औषधे आहेत आणि ती चांगली आहेत. नियमाने गोळ्या घेतल्या तर तीन रोग्यांपैकी साधारण दोघांचे झटके आटोक्यात येतात. प्रश्न उरतो तो तिसऱ्याचा. दोन औषधे योग्य मात्रेत देऊनही ज्याचे झटके थांबत नाहीत, त्याला तिसऱ्या आणि चौथ्या औषधाने गुण येण्याचा संभव कमी कमी होत जातो. अशांपैकी काही रोग्यांवर मेंदूची शस्त्रक्रिया करून झटके थांबवता येतात, ही गोष्ट अजून फार थोड्यांना माहीत आहे. श्रोतेहो, आज त्या शस्त्रक्रियेची हकिकत सांगावयाची आहे.

पण या हकिकतीत शस्त्राचा भाग थोडा आहे बरं का! कवटीला भोक पाडण्याची विद्या माणसाला हजारो वर्षांपूर्वीपासून अवगत होती. जुन्या थडग्यांतून तशा कवट्या सापडल्या आहेत. अडचण होती ती दुसरीच. कवटी उघडायची कुठे? आणि उघडल्यावर मेंदूचा कोणता भाग काढायचा? विहीर खणणारे गडी गावात पुष्कळ मिळतात. पाणी कुठे लागेल हे सांगणारा विरळा. इथेही तसेच झाले. म्हणून हा इतिहास खरे पाहता जागेच्या शोधाचा इतिहास आहे.

प्रथम हा आजार मेंदूचा आहे हे कळायला हवे होते. आपल्याकडे चरकसंहितेत अपस्माराचे स्वतंत्र प्रकरण आहे. स्मृती निघून जाणे हा अर्थ त्या शब्दातच आहे, आणि दोषांवरून त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. तिकडे ग्रीस देशात लोक त्याला ‘पवित्र रोग’ म्हणत, कारण तो देवतेच्या कोपाने होतो अशी समजूत होती. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी हिपॉक्रॅटिस या वैद्याच्या परंपरेतील एका ग्रंथाने ही समजूत खोडून काढली. ग्रंथकार म्हणतो की, हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र मुळीच नाही आणि त्याचे मूळ मेंदूत आहे. खात्री करून घ्यावयाची असेल तर हा रोग झालेल्या शेळीचे डोके फोडून पाहा, आतला मेंदू पाण्याने भरलेला आणि दुर्गंधी आलेला दिसेल. देव शेळीवर कशाला कोपेल, हा त्याचा सरळ सवाल होता. एवढे स्वच्छ सांगूनही पुढची दोन हजार वर्षे युरोपातही मंत्रतंत्रच चालू राहिले. तेव्हा केवळ आपल्याच लोकांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

बरे, मूळ मेंदूत, पण मेंदूत कुठे? मेंदू वरून पाहिला तर अक्रोडाच्या गरासारखा, सगळीकडे सारख्याच वळ्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ विद्वानांचे मत असे होते की, मेंदूचा वरचा थर सगळा मिळून एकच काम करतो, त्यात खाती नाहीत. १८६१ साली पॅरिसमधील पॉल ब्रोका या डॉक्टराने एका रोग्याचा मेंदू मरणोत्तर तपासला. या रोग्याची वाचा वर्षानुवर्षे गेलेली होती. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात बिघाड आढळला. म्हणजे बोलण्याचे काम मेंदूच्या एका विशिष्ट जागी चालते. कचेरीत जशी टेबले वेगळी तशी मेंदूतही खाती वेगळी आहेत, असे दिसू लागले.

याच काळात लंडनच्या क्वीन स्क्वेअर भागातील रुग्णालयात जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन हे डॉक्टर काम करीत होते. हे गृहस्थ यॉर्कशायरमधील एका शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांच्याजवळ कसलेही यंत्र नव्हते. होती ती फक्त नजर. फेफऱ्याचा झटका कसा आला एवढे विचारून ते थांबत नसत. तो सुरू कुठून झाला, हे ते विचारीत. त्यांच्या लक्षात आले की काही रोग्यांचा झटका आधी हाताच्या अंगठ्यात सुरू होतो, मग मनगट, मग दंड, मग चेहरा, मग पाय, अशा ठरावीक वाटेने सरकत जातो. त्यावरून त्यांनी ताडले की, मेंदूत एक जागा अंगठ्याची असली पाहिजे, तिच्या शेजारी हाताची, त्याच्या शेजारी चेहऱ्याची. झटका म्हणजे मेंदूच्या करड्या थरातून अवचित, बेसुमार सुटणारा विसर्ग, अशी व्याख्या त्यांनी १८७३ साली केली. ती आजही मूलतः खरी ठरते.

हे थोडे उलगडून सांगतो. मेंदूतील पेशी एकमेकींशी विजेच्या अतिसूक्ष्म लहरींनी बोलत असतात. एरवी हे बोलणे शिस्तीत चालते. झटक्याच्या वेळी हजारो पेशी एकदम, एका तालात ओरडू लागतात. काही रोग्यांत सारा मेंदू पहिल्यापासूनच या गोंधळात सापडतो. काहींत मात्र एका कोपऱ्यात ठिणगी पडते आणि मग वणव्यासारखी पसरते. शस्त्रक्रियेचा उपयोग बहुतांशी या दुसऱ्या प्रकारात होतो. कारण ठिणगीची जागा काढून टाकली तर वणवा पेटत नाही.

१८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा सौम्य प्रवाह लावून पाहिला. मेंदूच्या एका बाजूला स्पर्श करताच दुसऱ्या बाजूचा पाय हलला. १८७३ पासून इंग्लंडमध्ये डेव्हिड फेरियर यांनी असेच प्रयोग माकडांवरही करून मेंदूचा नकाशा आखला. जॅक्सननी नजरेने जे ओळखले होते त्याला आता प्रयोगाचा आधार मिळाला.

मग २५ मे १८८६ हा दिवस उजाडला. क्वीन स्क्वेअरच्याच रुग्णालयात २९ वर्षांचे शल्यवैद्य व्हिक्टर हॉर्सली यांनी २२ वर्षांच्या एका तरुणावर शस्त्रक्रिया केली. हा तरुण सात वर्षांचा असताना एडिंबरो शहरात घोडागाडीखाली सापडला होता आणि त्याची कवटी खोलगट दबली होती. पुढे त्याला इतके झटके येऊ लागले की ते दिवसाला शेकड्यांनी मोजावे लागत. शस्त्रक्रियेला जॅक्सन आणि फेरियर जातीने हजर होते. हॉर्सलींनी मेंदूवरील जुना व्रण कापून काढला, आणि झटके थांबले. या रोग्याची जागा बाहेरूनच दिसत होती. परंतु त्याच वर्षी हॉर्सलींनी दुसरा एक रोगी घेतला. त्याच्या कवटीवर खूण अशी काहीच नव्हती. खूण एकच होती, ती म्हणजे त्याचा झटका अंगठ्यापासून सुरू होई. तेवढ्या पुराव्यावर, नकाशात जिथे अंगठ्याची जागा होती तिथे कवटी उघडली, आणि खरोखरच तिथे क्षयाची गाठ सापडली. अंगठ्याकडे नीट पाहिल्याने मेंदूतली गाठ सापडली, ही त्या काळची केवढी कमाल!

पण हा मार्ग सगळ्यांना उपयोगी नव्हता. सगळ्यांचे झटके अंगठ्यातून थोडेच सुरू होतात? पुष्कळ रोग्यांचा झटका निराळाच असतो. पोटातून काही तरी वर चढल्यासारखे वाटते, नको ती घाण येते, रोगी शून्यात टक लावून बसतो, ओठ चाटतो, कपड्याशी चाळा करतो, आणि दोन मिनिटांनी त्याला काही आठवत नाही. घरच्यांना वाटते, बाहेरचे काही लागले. या प्रकाराचे मूळ बहुधा कानशिलाच्या आत, मेंदूच्या खालच्या अंगाला असते. तिथे हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा अवयव आहे. समुद्रातील घोडामाशासारखा तो वळलेला असतो, म्हणून हे नाव. हा अवयव आक्रसून कडक झालेला असतो, हे जर्मनीतील झोमर या डॉक्टराने १८८० साली मृत रोग्यांचे मेंदू तपासून सविस्तर नोंदले होते. बघा, मेल्यानंतर दिसत होते. पण जिवंतपणी ते दिसायला पुढे शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांत काय काय खटपटी झाल्या, ते आता पाहू.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले. हाड दिसू लागले, मोडलेला पाय दिसू लागला. परंतु मेंदू मऊ, आणि त्याच्याभोवती कवटीचे जाड हाड. क्ष-किरणाच्या चित्रात कवटी ठळक आणि आत नुसते धुके. १९१८ च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी यांनी एक युक्ती काढली. पोटातील वायू क्ष-किरणाच्या चित्रात काळा दिसतो, मग मेंदूतही हवा भरली तर? मेंदूच्या पोटात पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांतील पाणी काढून त्यांनी तिथे हवा भरली. पोकळ्यांचा आकार चित्रात उमटला. पोकळी एका बाजूला सरकलेली किंवा ताणलेली दिसली तर तिथे गाठ किंवा व्रण आहे असे समजे. युक्ती नामी, पण रोग्याला ती फार महागात पडे. असह्य डोकेदुखी, ओकाऱ्या, आणि कधी जिवालाही धोका. १९२७ साली पोर्तुगालमध्ये एगाश मोनिश यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांची चित्रे घेतली. या दोन्ही पद्धती पन्नासएक वर्षे चालल्या. मेंदू मात्र त्यांत दिसत नसे. शेजाऱ्यांच्या वागण्यावरून घरातल्या माणसाची परीक्षा करावी, तसा तो प्रकार होता.

दुसरी वाट विजेची होती. जर्मनीत येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विजेचा आलेख प्रथम काढला. पाच वर्षे त्यांनी तो कुणाला दाखवला नाही. १९२९ साली प्रसिद्ध केला, तेव्हा पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. पुढे केंब्रिज येथे त्याची खात्री पटली आणि बोस्टन येथे गिब्ज पतिपत्नी व लेनॉक्स यांनी फेफऱ्याच्या रोग्यांचे आलेख काढून त्यांतील खुणा ओळखल्या. यालाच आपण ईईजी म्हणतो. डोक्यावर तारा लावतात, दुखत नाही, शॉक बसत नाही; मेंदूतून येणारी वीज टिपली जाते, मेंदूत वीज सोडली जात नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण या तपासणीला भिणारे लोक पुष्कळ आहेत.

या दोन्ही वाटा एकत्र आणण्याचे मोठे काम कॅनडात मॉन्ट्रियल येथे झाले. वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३४ साली तेथे मेंदूविकारांची संस्था उघडली. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. म्हणून फक्त कातडी बधिर करून, रोग्याला जागा ठेवून, पेनफील्ड कवटी उघडीत. मग विजेच्या बारीक टोकाने मेंदूच्या एकेका जागी स्पर्श करून रोग्याला विचारीत, काय होते? कुणी म्हणे बोट हलले, कुणी म्हणे जिभेला मुंग्या आल्या, कुणाची वाचा क्षणभर थांबे. ज्या जागेला स्पर्श करताच रोगी म्हणे की, डॉक्टर, हीच माझ्या झटक्याची सुरुवात, तिथे शोध संपे. प्रत्येक जागेवर आकड्याची चिमुकली चिठ्ठी ठेवीत. कोणता भाग काढायचा आणि कोणता राखायचा, हे रोगीच सांगत असे.

याच संस्थेत शिकून आलेले डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४९ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला, आणि १९५२ साली तेथे फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया केली. आपल्या देशातील या शस्त्रक्रियेचा आरंभ तिथून मानतात.

आता एक दुःखाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९५३ साली अमेरिकेत हार्टफर्ड येथे २७ वर्षांच्या एका तरुणावर शस्त्रक्रिया झाली. त्याचे झटके कोणत्याही औषधाने थांबत नव्हते. ईईजीत कोणतीही एक जागा सापडली नव्हती. तरीही शल्यवैद्य स्कोव्हिल यांनी दोन्ही बाजूंचे, कानशिलांच्या आतले भाग काढले. झटके कमी झाले, पण त्या दिवसानंतर त्या माणसाला नवे काही लक्षात राहीना. भेटून गेलेला माणूस पाच मिनिटांनी परत आला तर तो त्याला परका. मॉन्ट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि दर भेटीत त्या त्याला नव्यानेच भेटत. एच. एम. या आद्याक्षरांनी तो जगभर ओळखला गेला आणि २००८ साली वारला. स्मरणशक्ती मेंदूत कुठे घडते हे त्याच्यामुळे जगाला कळले; पण त्याने त्याची जबर किंमत दिली. जागा ठरल्यावाचून हात घालू नये, आणि जी जागा काढायची तिच्यावाचून रोग्याचे चालेल याची आधी खात्री करावी, हा धडा तेव्हापासून पक्का झाला. पुढे वाडा या जपानी वंशाच्या डॉक्टरांच्या पद्धतीने मेंदूची एक बाजू काही मिनिटे झोपवून, दुसरी बाजू बोलणे आणि आठवण सांभाळते की नाही, हे पाहण्यात येऊ लागले.

म्हणजे गरज अशी होती की, कवटी न उघडता, रोग्याचे हाल न करता आतला मेंदू दिसावा. ती गरज भागवली एका शेतकऱ्याच्या मुलाने. गॉडफ्रे हौन्सफील्ड हे इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात शेतावर वाढले. लहानपणी शेतावरची यंत्रे आणि विजेची उपकरणे यांच्याशी खेळणे हा त्यांचा छंद. पुढे ते ईएमआय कंपनीत नोकरीला होते. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवर भोंग्यापुढे बसलेला कुत्रा तुम्ही पाहिला असेल. त्याच घराण्यातली ही कंपनी. क्ष-किरण एकाच बाजूने न सोडता सर्व बाजूंनी सोडावेत आणि कोणत्या दिशेने किती किरण अडले त्याचा हिशेब संगणकाने करावा, म्हणजे मुळ्याच्या चकत्या कराव्यात तशी डोक्याची एकेक चकती चित्रात दिसेल, असा त्यांचा विचार. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूचे असे पहिले चित्र घेतले आणि तिच्या मेंदूतली गाठ स्पष्ट दिसली. हाच सीटी स्कॅन. हौन्सफील्ड यांना १९७९ साली ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

सीटी स्कॅनने गाठी दिसल्या, रक्तस्राव दिसला. पण हिप्पोकॅम्पसचा तो बारीक आक्रसलेला व्रण बहुधा दिसत नसे. तो दिसला एमआरआय यंत्राने. १९७३ साली लॉटरबर यांनी चुंबकाच्या साह्याने चित्र काढण्याची रीत दाखवली, मॅन्सफील्ड यांनी ती सुधारली, आणि दोघांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यात क्ष-किरण नाहीत. शरीरातील पाण्याचे सूक्ष्म कण मोठ्या चुंबकात एका दिशेला लागतात, रेडिओच्या लहरींनी त्यांना हलवले की ते परत लहरी पाठवतात, आणि त्या लहरींचे चित्र होते. आपण रेडिओवर बोलणे ऐकतो, डॉक्टर त्याच जातीच्या लहरींनी मेंदू पाहतात! १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हिप्पोकॅम्पसचा व्रण जिवंत माणसात ओळखता येऊ लागला: आकाराने लहान, आणि ठरावीक चित्रात उजळ. झोमर यांनी मृतांत पाहिलेली खूण शंभर वर्षांनी जिवंत माणसात दिसली, आणि तीही माणूस बरा होण्यासारखा असताना.

आणखी दोन साधने सांगतो. मेंदू साखरेवर चालतो. साखरेला किंचित किरणोत्सारी खूण लावून ती मेंदूत कुठे किती जाते, हे पाहण्याच्या तपासणीला पेट स्कॅन म्हणतात. १९८० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे दिसून आले की, झटक्याच्या मधल्या काळात रोगट जागा साखर कमी खाते, म्हणून चित्रात मंद दिसते. याच्या उलट, ऐन झटक्यात त्या जागेला रक्त जास्त जाते. झटका सुरू होताच खुणेचे औषध टोचून तेही टिपता येते. तिला स्पेक्ट म्हणतात.

या चित्रांनी केवळ शस्त्रक्रिया कुणावर करावी एवढेच सांगितले नाही, तर कुणावर करू नये हेही सांगितले. याचे फार चांगले उदाहरण आपल्याच देशातले आहे. सीटी स्कॅन आपल्याकडे आले तेव्हा नुकतेच झटके येऊ लागलेल्या अनेक रोग्यांच्या मेंदूत एक लहानसा गोल ठिपका दिसू लागला. तो क्षयाचा समजून महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी असे काही ठिपके काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९८९ साली प्रसिद्ध केले की, ते डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या पट्टकृमीच्या अळीचे आहेत. बहुतेक ठिपके काही महिन्यांत आपोआप विरतात. तेव्हा कवटी उघडण्याचे कारण नाही; झटक्याचे औषध नियमाने घ्यावे आणि पुन्हा चित्र काढून पाहावे. या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून जमिनीत, पाण्यात, भाजीवर जातात. म्हणून मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होतो. शौचालय, स्वच्छ हात आणि धुतलेला भाजीपाला, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

मग आज रोगी निवडतात कसा? गावात तंटा झाला की पंच एकाच साक्षीवर निकाल देत नाहीत. डॉक्टरही तसेच. पहिली साक्ष झटक्याची: तो कसा सुरू होतो, कुठल्या अंगाला आधी होतो. दुसरी साक्ष ईईजीची; रोग्याला काही दिवस रुग्णालयात ठेवून, कॅमेऱ्याने चित्रण करीत, प्रत्यक्ष झटक्याचा आलेख घेतात. तिसरी साक्ष एमआरआयची; आणि हा एमआरआय फेफऱ्यासाठी म्हणून मुद्दाम, पातळ चकत्यांचा काढावा लागतो. साध्या तपासणीत ‘सर्व ठीक’ असा शेरा आला म्हणून व्रण नाहीच असे समजू नये. तिन्ही साक्षी एकाच जागेकडे बोट दाखवीत असतील तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. साक्षी जुळत नसतील तर पेट, स्पेक्ट, आणि त्यानेही न उलगडल्यास मेंदूतच बारीक तारा बसवून शोध घेतात. ती रीत पॅरिसमध्ये तालैराख आणि बाँको यांनी घालून दिली. तरीही जागा ठरली नाही, किंवा ती बोलण्याच्या अथवा हात चालवण्याच्या केंद्रातच निघाली, तर शस्त्रक्रिया करीत नाहीत, किंवा फार बेताची करतात. एकट्या चित्रावर विसंबून कापायचे नाही. कारण मेंदूत डाग असतो एकीकडे आणि झटके निघतात दुसरीकडून, असेही घडते.

आणि फळ काय? कॅनडातील लंडन या गावी कानशिलाच्या आतून झटके येणाऱ्या ८० रोग्यांची पाहणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने ४० जणांना शस्त्रक्रियेकडे आणि ४० जणांना औषधांकडे नेमले. २००१ साली निकाल प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटातील शेकडा ५८ जणांचे शुद्ध हरपणारे झटके थांबले होते. औषधांच्या गटातील फक्त शेकडा ८ जणांचे. शस्त्रक्रियेच्या गटातील चौघांना काही ना काही उपद्रव झाला, हेही खरे. औषधांच्या गटातील एक जण त्या वर्षात दगावला. म्हणजे काही न करता वाट पाहत बसण्यातही धोका असतोच.

आपल्या देशात १९९५ पासून तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा संस्था आणि दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थान येथे हे काम पद्धतशीर चालू झाले. प्रत्येकाला सगळ्या महागड्या तपासण्या लागत नाहीत. नीट घेतलेला एमआरआय आणि नीट घेतलेला ईईजी यांवर पुष्कळ रोगी निवडता येतात, हे त्रिवेंद्रमच्या डॉक्टरांनी दाखवून दिले. आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतही ही सोय आहे. तरी सर्वांना सांगून ठेवतो, शस्त्रक्रिया थोड्यांसाठीच आहे. बहुतेकांसाठी गोळ्या आहेत, आणि गोळी मनाने बंद करणे हे झटका पुन्हा येण्याचे फार मोठे कारण आहे.

समाजाची दृष्टीही हळूहळूच बदलली. १९७६ साली आपल्या विवाहाच्या कायद्यात फेफऱ्याचा उल्लेख वेडाच्या शेजारी, लग्नाला अडथळा म्हणून घालण्यात आला होता. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढून टाकला. कायद्याने हात काढला. मनातली अढी काढणे आपल्याकडे आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, या साऱ्या इतिहासात तुम्हाला फार मोठे काम आहे. यंत्रे कितीही आली तरी पहिली साक्ष अजून माणसाच्या नजरेचीच लागते, आणि ही नजर लंडनच्या डॉक्टरापाशीच असते असे नाही. वर्गात एखादे मूल पुन्हा पुन्हा शून्यात टक लावून बसत असेल, हाक मारूनही भानावर येत नसेल, तर छडी उचलण्यापूर्वी थांबा. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, जवळच्या टणक वस्तू बाजूला करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा, पाच मिनिटांत थांबला नाही तर ताबडतोब दवाखान्यात न्या. आणि थांबल्यावर एका कागदावर चार ओळी लिहून ठेवा: किती वाजता आला, किती वेळ टिकला, आधी कोणता हात हलला, मान कुठल्या बाजूला वळली, शुद्धीवर आल्यावर बोलता येत होते की नाही. घरात कुणाजवळ मोबाइल असेल तर त्यावर चित्रण करून ठेवा. तो कागद आईबापांच्या हातात द्या आणि सांगा, हा डॉक्टरांना दाखवा.

जॅक्सननी एका अंगठ्यावरून मेंदूतली जागा ओळखली होती. तुमच्या चार ओळींवरून कदाचित एखाद्या पोराची ओळखता येईल, आणि त्याची सुटलेली शाळा पुन्हा सुरू होईल.